डोंगरातल्या मक्यापासून समुद्राच्या माशापर्यंत : दोघांचा उत्तर आणि मध्य व्हिएतनाम

वेलदोडा

व्हिएतनामच्या सहलींचे धागे इथे बरेच आहेत, पण जवळजवळ सगळे हनोई, हालाँगची बोट आणि दा नांगजवळचा तळहातावरचा पूल या त्रिकोणात फिरतात. जेवणाच्या रकान्यात ‘इंडियन डिनर’ लिहिलेलं असतं. हा देश लांबच लांब आहे आणि डोंगरातून समुद्राकडे उतरताना त्याचं ताट टप्प्याटप्प्याने बदलत जातं. मधले टप्पे विमानाने ओलांडले तर निम्मं जेवण हुकतं, असं माझं ठाम मत झालंय. म्हणून हा धागा.

नवरा आणि मी, दोघंच गेलो होतो, मार्च-एप्रिलमध्ये. चीनच्या सीमेला टेकलेल्या ‘हा जियांग’ या डोंगरी भागापासून सुरुवात केली आणि बस, बोट, रेल्वे करत मध्य किनाऱ्यावरच्या होई आन गावापर्यंत खाली आलो. मी रत्नागिरीकडची, काहीही खाणारी. नवरा सोलापूरचा, शाकाहारी, पण अंडं चालतं. मला कडे-कपारी आवडतात, त्याला पाणी. निघण्याआधीच ठरवलं होतं की ज्याला जे नको ते त्याने करायचं नाही, आणि दुसऱ्याने त्यासाठी थांबायचंही नाही. संध्याकाळचं जेवण मात्र एकत्र. जोडप्याने जाणाऱ्यांना हे आवर्जून सांगते, कारण अशा प्रवासात निम्मी भांडणं एकमेकांना ओढत नेण्यातून होतात.

आधी डोंगर. हनोईपासून हा जियांग शहर सुमारे ३०० किलोमीटर. तिथून क्वान बा, येन मिन्ह, डोंग वान, मेओ वाक असा मोठा वळसा घालून परत यायचं. डोंग वानचं चुनखडीचं पठार २०१० पासून युनेस्कोच्या जिओपार्कांच्या यादीत आहे. नजर जाईल तिथे करडे, टोकदार सुळके आणि त्यांच्या फटींत मातीचे लहान लहान कप्पे. ह्मोंग लोक पाठीवरून माती आणून दगडांच्या खळग्यांत भरतात, वर आडवे दगड लावून ती धरून ठेवतात आणि तिथे मका पेरतात. एका खळग्यात जेमतेम दोन-तीन धाटं. तो मका पाहिल्यावर ताटात पडलेल्या मेन मेनचा अर्थ कळतो. मका दळायचा, पाणी शिंपडून वाफवायचा, मोकळा करायचा आणि पुन्हा वाफवायचा. कोरडा, रवाळ, सोबत पालेभाजीचं पातळ पाणी. भात हा तिथे जुन्या काळी सणावाराचा पदार्थ होता, असं आमच्या घरमालकीण आजी सांगत होत्या. नवऱ्याने मेन मेन दोनदा मागून घेतलं. ज्वारीच्या कण्यांवर वाढलेल्या माणसाला ते परकं वाटायचं कारण नव्हतं.

डोंग वानमध्ये सकाळी बान क्वोन खाल्लं. पातेल्यावर ताणून बांधलेल्या कापडावर तांदळाचं पीठ पसरतात, झाकण ठेवतात, क्षणात पातळ पापुद्रा वाफवून निघतो, तो काठीने उचलून त्यात मांस आणि काळी अळंबी गुंडाळतात. अंड्याचाही मिळतो. हनोईत तो मासळीच्या आंबट-गोड पाण्यात बुडवतात, इथे हाडांच्या गरम रश्शाची वाटी देतात. डोंगरातल्या थंडीत ही वाटी दोन्ही हातांत धरून बसावंसं वाटतं. नवऱ्याला नुसत्या अंड्याचा करून दिला, सोबत मिठाचं पाणी आणि मिरची.

रविवारच्या बाजारात थांग को चाखलं. घोड्याचं मांस आणि आतडी-काळीज मोठ्या कढईत मसाल्यांसह तासन्‌तास उकळतात. वास उग्र आहे आणि तो खपवून घेता आला पाहिजे. मी एक वाडगा खाल्ला. चक्रीफूल, दालचिनी आणि तिथला मोठा वेलदोडा स्पष्ट लागत होता.

आणि मग मा पी लेंगची खिंड. डोंग वान ते मेओ वाकच्या मध्ये हा रस्ता कड्याच्या पोटातून जातो आणि खाली खोल दरीत न्यो क्वे नदीचं हिरवं पाणी दिसतं. हा जियांग ते मेओ वाक हा सुमारे १८५ किलोमीटरचा रस्ता १९५९ ते १९६५ या काळात वेगवेगळ्या जमातींच्या तरुण-तरुणींनी छिन्नी-हातोडे आणि पहारींनी खोदला. या खिंडीत तर माणसं महिनोन्‌महिने दोराला लटकून कडा फोडत होती. त्यांचं स्मारक वाटेतच आहे, तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. कड्याच्या अंगाने वर एक अरुंद पायवाट जाते. मी ती चालले, नवरा खाली नदीवर जाऊन तू सान घळीतून बोटीने फिरून आला. संध्याकाळी दोघांकडे दोन वेगळ्या दऱ्या होत्या सांगायला.

किनाऱ्याचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, आधी हे वाचून काही विचारायचं असेल तर विचारा.

पाऊलवाट

फार सुंदर. मातीचे कप्पे वाचून थांबले क्षणभर. पण मुद्द्याचा प्रश्न: मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. होणारा नवरा सगळं खातो. मला तिथे काय मिळेल खरंच? ‘फळं खाऊन राहा’ हे उत्तर नको, थायलंडला ते करून झालंय.

वेलदोडा

पाऊलवाट, फळांवर राहायची वेळ येणार नाही, पण दोन-चार शब्द पाठ हवेत. ‘आन चाय’ म्हणजे शाकाहारी जेवण. ‘खोंग नुक माम’ म्हणजे माशाचं पाणी घालू नका. हा दुसरा शब्द जास्त महत्त्वाचा, कारण नुक माम त्यांना मिठासारखं. ते घातल्याने पदार्थ मांसाहारी होतो असं त्यांच्या मनातही येत नाही. भाजीत ऑयस्टर सॉसही असतो, तोही नको म्हणायचं.

डोंगरातल्या घरगुती जेवणात मधोमध सगळ्यांच्या सामायिक थाळ्या ठेवतात. त्यात टोमॅटोच्या रश्शातला टोफू, लसूण घातलेली नाळीची भाजी (हो, आपल्याकडे पाणथळीत येते तीच), ह्मोंग लोकांची किंचित कडसर मोहरीची पानं, भोपळ्याचे कोंब, उकडलेला भात हे हमखास. आणि भातावर घ्यायला भाजलेले शेंगदाणे, तीळ आणि मीठ कुटलेलं कोरडं तोंडीलावणं. नवऱ्याने सोलापूरहून नेलेली शेंगाचटणी मालकीणबाईंना दिली, त्यांनी त्यांची वाटी पुढे केली. भाषा कळत नसताना तासभर गप्पा झाल्या त्यांच्या. मिरची आणि लसूण एवढाच काय तो फरक.

मात्र एकाच कढईत सगळं शिजतं, हे मान्य करूनच जावं लागेल. ते चालणार नसेल तर डोंगरातल्या घरांऐवजी शहरांवर भर दे.

हनोईकर

नोकरीमुळे काही वर्षं इथेच आहे, म्हणून थोडी भर. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या हिशोबाने अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, इथे असंख्य लोक चाय जेवतात. त्या दिवशी एरवी मांसाहारी असलेल्या गाड्यांवरही शाकाहारी पाटी लागते. तारखा बघून शहरांत मुक्काम जुळवला तर पाऊलवाट यांची चंगळ होईल. आणि ह्वे. ती जुनी राजधानी, पॅगोडांचं शहर, तिथला शाकाहार हा पर्याय म्हणून केलेला नसतो, ती स्वतंत्र पाककला आहे. कच्चा फणस, केळफूल, कमळाच्या बिया, अळंबी यांचे पदार्थ नीट मांडून देतात.

अजून एक, नकाशे बघताना गोंधळ होऊ नये म्हणून: १ जुलै २०२५ पासून हा जियांग प्रांत तुयेन क्वांगमध्ये विलीन झालाय आणि होई आन दा नांग शहराच्या हद्दीत आलंय. पत्ते आणि बुकिंगच्या साइटवर जुनी-नवी दोन्ही नावं दिसतील.

कातळ

धागा आवडला. पण बाइक कोणी चालवली हे लिहिलं नाहीत? मी मित्राबरोबर केलं तेव्हा स्वतः चालवली, आंतरराष्ट्रीय परवाना खिशात होता, कोणी विचारलंही नाही. मागे बसून असला रस्ता करण्यात काय मजा?

वेलदोडा

कातळ, आम्ही दोघंही मागे बसलो, दोन वेगळ्या बाइकवर, दोन स्थानिक चालकांच्या मागे. तिथे त्यांना ईझी रायडर म्हणतात. आणि मी कोणालाही हेच सांगेन.

आपल्याकडे आरटीओ देतं तो आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या कराराच्या नमुन्याचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ चा व्हिएन्ना करार धरून चालतो. पोलिसांनी अडवलं तर अडचण आहेच, पण मोठी गोष्ट विम्याची. अपघात झाला आणि परवाना ग्राह्य नसेल तर विमा कंपनी हात वर करते, आणि हा जियांगच्या डोंगरातून मोठ्या इस्पितळापर्यंत पोचायला तासन्‌तास लागतात. त्या रस्त्यावर धुकं अचानक येतं, वळणावर खडी सांडलेली असते आणि समोरून ट्रक. कोणी विचारलं नाही हे तुमचं नशीब, ते दुसऱ्याला सल्ला म्हणून देता येत नाही.

मजेचं म्हणाल तर मागे बसल्यामुळे मला दरी दिसली. चालवणाऱ्याला डांबर दिसतं. शिवाय माझा चालक ताय जमातीचा, त्या डोंगरातलाच. कुठल्या घरी मधमाश्यांची पोळी, कुठल्या वळणावर आजी कुट्टूच्या पिठाच्या भाकऱ्या वाफवून विकते, हे त्याला माहीत. कुट्टूची गुलाबी फुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, आम्हाला ती दिसली नाहीत, पण त्या गरम, मऊ, जांभळट भाकऱ्या वर्षभर मिळतात.

एक सूचना कळकळीने: रात्री घरोघरी मक्याची दारू पुढे येते. एक घोट, मग हस्तांदोलन, मग पुढचा माणूस, असा रिवाज आहे. घ्यायची तर घरमालकाने स्वतः गाळलेली, आणि थोडीच. तुमच्या चालकाला मात्र आग्रह करू नका. २०२० पासून व्हिएतनाममध्ये गाडी चालवणाऱ्याच्या श्वासात दारूचा अंशही चालत नाही, आणि सकाळी तुमचाच जीव त्याच्या हातात असतो.

कातळ

विम्याचा मुद्दा मान्य. तेवढा विचार केला नव्हता तेव्हा.

मुळामुठा

वाचतेय. हा जियांग शहरात ते बचनागाच्या कंदाची लापशी मिळते म्हणतात, ती खाल्लीत का? ऐकूनच धडकी भरली.

वेलदोडा

खाल्ली. चाओ आउ ताउ तिचं नाव. कंद बचनागाच्याच कुळातला, कच्चा असताना विषारी. तो तांदळाच्या धुवणात भिजत घालून मग कित्येक तास मंद आचेवर शिजवतात, तेव्हा त्याचं विष निघतं आणि मग तांदूळ आणि डुकराच्या पायाबरोबर लापशी करतात. आपल्या वैद्यांनाही बचनागाची शुद्धी करून घ्यावी लागते, त्यामुळे कल्पना अगदी परकी नाही. चव कडवट, नंतर जिभेवर उबदार. रात्रीच्या थंडीत ती खातात आणि त्यासाठी प्रसिद्ध अशी जुनी दुकानं शहरात आहेत. तिथेच खायची. बाजारात ते कंद विकायला दिसले तर प्रयोग म्हणून विकत घेऊ नका, घरी तर मुळीच शिजवू नका.

वेलदोडा

आता खाली उतरते.

हनोईबद्दल फार लिहीत नाही, भरपूर लिहिलं गेलंय. फक्त चा का सोडू नका. नदीतल्या माशाचे तुकडे हळद आणि गलांगलमध्ये (आल्यासारखा एक कंद) मुरवून भाजतात, मग टेबलावर तव्यात तेलात परततात आणि वरून मूठमूठभर शेपू आणि पातीचा कांदा घालतात. शेपू आणि मासा! आमच्या घरी शेपूचं नाव काढलं की अर्धं घर ताटावरून उठतं. त्या सगळ्यांना हा तवा दाखवायला हवा. सोबत तांदळाच्या शेवया, शेंगदाणे आणि कोळंबीचं आंबवलेलं जांभळं वाटण, ज्याचा वास पहिल्यांदा झेपत नाही. लिंबू पिळून फेस येईपर्यंत घोटलं की ते बदलतं. नवऱ्याने तोवर अंड्याची कॉफी घेतली. १९४६ मध्ये दुधाची टंचाई असताना हनोईतल्या एका हॉटेलात काम करणाऱ्या माणसाने अंड्याचा बलक फेटून दुधाच्या जागी घातला, तिथून ती सुरू झाली.

तिथून हायफाँग आणि कात बा बेट. हालाँगच्या शेजारचा ‘लान हा’ उपसागर कात बाच्या बाजूने येतो. २०२३ मध्ये युनेस्कोने कात बाचाही हालाँगबरोबर यादीत समावेश केला. इथे गर्दी कमी आणि कयाक करायला पाणी शांत. इथला राजा नवरा होता. चुनखडीच्या डोंगरांच्या तळाशी पाण्याने कोरलेल्या बोगद्यांसारख्या गुहा आहेत. ओहोटीला कयाक त्यांतून पलीकडे जाते आणि चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेल्या तळ्यात उघडते. भरतीला छत खाली येतं, म्हणून वेळ वाटाड्याने ठरवायची. मी मागे बसून वल्हवत होते आणि मान वर करून कडे बघत होते, त्या कड्यांवर गिर्यारोहणही चालतं. सोनेरी डोक्याचं कात बा लंगूर जगात फक्त याच बेटावर उरलंय, तेही मोजके. आम्हाला दिसलं नाही.

हायफाँग हे बंदराचं शहर. पर्यटक तिथे बसमधून उतरतात आणि सरळ बोटीकडे धावतात. कृपा करून एक दुपार थांबा आणि बान दा कुआ खा. तपकिरी रंगाच्या रुंद तांदळाच्या पट्ट्या, आणि रस्सा भातखाचरातल्या खेकड्यांचा. लहान खेकडे पाठीचं कवच काढून कुटतात, पाण्यात कालवून गाळतात आणि ते पाणी हलक्या हाताने तापवतात. खेकड्याचा गर आपोआप वर येऊन जाळीदार थर धरतो. तो थर मोडू न देता वाडग्यात उतरवायचा. मी त्या बाईंच्या हाताकडेच बघत उभी होते.

तिसऱ्या

अगं वेलदोडा, हे तर आपलंच! आमची आजी पावसाळ्यात शेतातले मुठे आणायची, नांग्या बाजूला ठेवून बाकीचे पाट्यावर ठेचायची आणि फडक्यातून गाळून त्या पाण्याचं कालवण करायची. तोच चोथा जाळी धरायचा वर. आजी म्हणायची, ‘ढवळू नको, फुटेल.’ भातखाचरं जिथे, तिथे खेकडा आणि तिथे हे कालवण, इतकं सरळ आहे बघ. आता औषधं मारल्यापासून आमच्या खाचरांत मुठे दिसेनासे झालेत. तिथे अजून मिळतात?

हनोईकर

मिळतात, पण इथेही आता पुष्कळसे पाळलेले असतात. बाजारात बायका जिवंत खेकड्यांच्या टोपल्या घेऊन बसतात आणि सांगितलं तर तिथेच यंत्रात दळून देतात.

अनवट

+१. वाचनखूण साठवली. मुळामुठा, तुझ्यामुळे रात्री बाराला बचनाग वाचत बसलोय.

वेलदोडा

तिसऱ्या, आजीचं ‘ढवळू नको’ वाचून भरून आलं. त्या बाईही मला हाताने हेच खुणावत होत्या.

पुढचा टप्पा हनोई ते ह्वे, रात्रीची रेल्वे, ६८८ किलोमीटर. १८०२ ते १९४५ न्गुयेन घराण्याची राजधानी. राजवाडा आणि समाध्या बघाच, पण सकाळी आधी कोम हेन खा. नदीतल्या बेटाजवळ मिळणाऱ्या इवल्याशा शिंपल्या, गार भात, शेंगदाणे, केळफुलाचा कीस, कमरख, कोथिंबिरीसारखे पाले, कोळंबीचं आंबवलेलं वाटण आणि मिरची. शिंपल्यांचा गरम रस्सा वेगळ्या वाटीत. ही गरिबांची न्याहारी होती. कालचा उरलेला भात आणि नदीतून फुकट मिळणाऱ्या शिंपल्या. मध्य व्हिएतनामात उत्तरेपेक्षा तिखट खातात आणि हे लगेच जाणवतं, मिरची सढळ हाताने पडते. बुन बो ह्वे म्हणजे गोमांसाच्या रश्शातल्या शेवया, त्यांचा गवतीचहाचा वास रस्त्यावर आधी येतो, दुकान नंतर दिसतं. नवऱ्यासाठी ह्वे म्हणजे हनोईकर म्हणाले तसंच: एका पॅगोडाजवळच्या खाणावळीत त्याने जे ताट जेवलं, ते त्याच्या मते प्रवासातलं सर्वोत्तम. ह्वेचीच मिठाची कॉफी दोघांनाही आवडली. साईचा खारट फेस आणि खाली कडक काळी कॉफी.

ह्वे ते दा नांग मधे हाय वान घाट. सुमारे २१ किलोमीटर, माथा जवळजवळ ५०० मीटरवर, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. २००५ मध्ये खालून बोगदा झाल्यापासून ट्रक तिकडून जातात, त्यामुळे घाट मोकळा. माथ्यावर मिन्ह मांग राजाने १८२६ मध्ये बांधलेली वेस आहे. मी बाइकवरून गेले, तो रेल्वेने. हवामानाचा बदल अंगावर कळतो: उत्तरेच्या उतारावर गारवा आणि ढग, माथा ओलांडला की ऊन. हाच डोंगर थंड वारे अडवतो, त्यामुळे पलीकडचा दा नांग वेगळाच वाटतो.

दा नांगमध्ये ‘मी क्वांग’ हा पदार्थ. हळदीने पिवळ्या झालेल्या रुंद शेवया, तळाशी फक्त पळीभर रस्सा, वर कोळंबी-डुक्कर, शेंगदाणे आणि तीळ लावलेला तांदळाचा पापड हाताने चुरून. आणि बान सेओ, तांदळाच्या पिठात हळद घालून केलेलं कुरकुरीत, आपल्या घावनासारखं, पण आत कोळंबी आणि मोड आलेले मूग. ते मोडून तांदळाच्या कागदात पाल्यासकट गुंडाळायचं आणि शेंगदाण्याच्या दाट आमटीत बुडवायचं. मोडांचा आणि अळंबीचा शाकाहारी बान सेओही सहज मिळतो.

निवृत्त प्रवासी

आम्ही दोघे साठीच्या पुढचे. हिचे गुडघे दुखतात. बाइक शक्य नाही. हे वाचून मात्र फार जावेसे वाटते आहे. आमच्यासारख्यांनी डोंगर सोडून द्यायचा का?

वेलदोडा

काका, मुळीच सोडू नका. हा जियांगचा सगळा वळसा चालकासह मोटारीने करता येतो, रस्ता तोच. फक्त मुक्काम निवडताना खोली तळमजल्यावर आहे आणि पलंग आहे हे आधी विचारा, कारण पारंपरिक घरांत जिना चढून जमिनीवर गादी असते. न्यो क्वेच्या धक्क्यापर्यंत मोटार पूर्ण जात नाही, तिथे शेवटच्या उतारासाठी स्थानिक गाड्या असतात, चौकशी करून ठरवा. रोजचा टप्पा लहान ठेवा. काकूंना लान हामध्ये कयाकऐवजी बांबूची होडी, ज्यात वल्हवणारी व्यक्ती तिथलीच असते. आणि रात्रीची रेल्वे घेताना खालचेच बर्थ.

शिलालेख

होई आनहून ‘मी सोन’ची जुनी देवळं केलीत का? अन्नाचा धागा आहे हे माहीत आहे, पण राहवलं नाही.

वेलदोडा

केलं, आणि विचारलंत ते बरं झालं. चौथ्या शतकात चाम लोकांच्या चंपा राज्याच्या भद्रवर्मा राजाने तिथे भद्रेश्वर नावाने शिवाचं देऊळ बांधलं आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत त्या दरीत विटांची देवळं उभी राहत गेली. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत सगळ्यात मोठं देऊळ पडलं. बॉम्बचे खड्डे अजून दिसतात. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथल्या काही समूहांचं जतन केलंय, आणि त्याच कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. गवतात संस्कृत शिलालेख उभा आहे आणि आजूबाजूला भातशेती. पहाटे जा, गाड्या यायच्या आधी. नवरा तिथे बराच वेळ काही बोलला नाही.

होई आनमध्ये परतून काओ लाउ. जाड, चिवट, करड्या शेवया. त्यांचं पीठ राखेच्या क्षारपाण्यात भिजवतात, आणि परंपरेने पाणी गावातल्या बा ले नावाच्या जुन्या चाम विहिरीचं. वर भाजलेलं डुक्कर, पाले आणि त्याच शेवयांच्या पिठाचे तळलेले चौकोन. समोरच्या कू लाओ चाम बेटावर स्नॉर्केलिंग केलं. तिथे २००९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, बोटीवर चढताना पिशवी घेऊन जाऊ नका.

पाऊलवाट

आमचं लग्नानंतर फिरायला जायचं डिसेंबरात ठरतंय. हाच मार्ग चालेल?

वेलदोडा

अभिनंदन! पण हाच मार्ग डिसेंबरात नको. मध्य किनाऱ्यावर सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आनच्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं आणि डिसेंबरातही समुद्र खवळलेला, बेटावरच्या बोटी बंद राहतात. वर हा जियांगमध्ये तेव्हा कडाक्याची थंडी आणि धुकं. दोन्ही एकत्र साधायचं तर मार्च-एप्रिल. तारीख बदलत नसेल तर यावेळी दक्षिण करा, सायगॉन (हो ची मिन्ह सिटी) आणि मेकाँग तेव्हा कोरडं असतं, आणि उत्तर पुढच्या वेळी ठेवा.

ई-व्हिसा एका प्रवेशाचा २५ डॉलर, ९० दिवसांपर्यंत, फक्त सरकारी साइटवरून काढा. नोटा देताना ५ लाख आणि २० हजार डोंगच्या दोन्ही निळसर असतात, शून्यं मोजून द्या. रस्त्यावरच्या गाड्यांवर रोखच चालते.

मुळामुठा

शेवटचा प्रश्न. ह्वे ते दा नांग रेल्वेने जायचं तर बाजू कुठली? आणि ती बाइकपेक्षा कमी पडते का?

वेलदोडा

ह्वेहून दक्षिणेकडे जाताना डावी बाजू, समुद्र तिकडे. अडीच-तीन तास लागतात. हे मी नवऱ्याला विचारून लिहितेय, कारण ती रेल्वे त्याने केली: रूळ डोंगराला वळसा घालून पाण्याच्या अगदी वरून जातात, बोगदा, मग एखादी निर्मनुष्य पुळण, मग पुन्हा बोगदा. रस्त्यावरून त्या पुळणी दिसत नाहीत. गाडी एकेरी रुळावर हळू चालते, खिडकीच्या काचा नेहमी स्वच्छ असतीलच असं नाही, म्हणून डब्यांच्या मधल्या दारापाशी उभं राहून बघावं असं त्याचं म्हणणं. स्टेशनवर चढण्याआधी बान मी (सारण भरलेला पाव) बांधून घ्या, ह्वेत शाकाहारी बान मीची पाटी ‘चाय’ अशीच असते.